जुलैच्या उन्हात आरव्ही: बुकिंगपासून पहिल्या रात्रीपर्यंत

आरव्हीने (झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाची सहल ठरवताना तारखांच्या जोडीला प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून ठेवा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. झायन राष्ट्रीय उद्यानाचं खोरं 1,200 मीटरवर आहे, ब्राइस कॅन्यन उद्यानाचा काठ 2,400च्या आसपास. खाली चाळिशी गाठलेली असते तेव्हा वर दुपार सुसह्य असते आणि रात्री पांघरूण लागतं. म्हणून वीज नसलेले मुक्काम उंचावर घ्या (ब्राइसच्या पार्कमधले कॅम्पग्राउंड, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरचं मॅथर) आणि खाली उतरताना विजेची साइटच (गाडी जोडायला विजेचा खांब असलेली जागा) हवी. झायनमध्ये ती वॉचमन कॅम्पग्राउंडला मिळते. जनरेटरवर रात्र काढू असं धरून चालू नका, पार्कमध्ये तो ठरलेल्या वेळेतच लावू देतात.

साइट निवडताना नकाशावर दिशा बघा. ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) गाडीच्या उजव्या बाजूला असतं, त्यामुळे गाडीचं तोंड दक्षिणेला आलं तर दुपारचं पश्चिमेचं ऊन ऑनिंगवर अडतं. झाडाची सावली चार वाजता कुठे पडेल ते बघून जागा पक्की करा.

घरून न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत, पण त्या वाटेत मिळतीलच असं नाही. काच झाकायला चंदेरी फॉइलचा रोल, तो कापायला कात्री, छतावरच्या 14 इंची झरोक्यांत बसणाऱ्या फोमच्या गाद्या, पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज (नळी), नळाच्या पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर आणि वाढीव व्होल्टेजपासून वाचवणारा, व्होल्टेज दाखवणारा सर्ज प्रोटेक्टर. फॉइल सगळ्यात आधी पुढच्या मोठ्या काचेला लावा.

आता एसी. सगळी तयारी खरं तर याच्यासाठीच आहे. छतावरचा एसी जी हवा आत ओढतो, तिच्यापेक्षा साधारण 16 ते 22 अंश फॅरनहाइटने थंड हवा सोडतो. आत 100 झाल्यावर चालू केला तर तोंडाशी 80ची हवा येते, आणि तापलेल्या भिंती, गाद्या, कपाटं ती लगेच गरम करतात. म्हणून सकाळी गारवा असतानाच, उशिरात उशिरा नऊपर्यंत, एसी लावून खिडक्या बंद करा. त्याआधी एसीची हवा गाळणारी जाळी काढून धुवा. ती तुंबली की हवा कमी जाते, आतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ धरतो आणि एसी चालू असूनही गार हवा येत नाही. तसं झालं तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या.

विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू, हा क्रम मोडू नका. प्लगच्या पात्या एकदा नीट बघा: टोकाशी तपकिरी डाग किंवा प्लॅस्टिक मऊ झालेलं दिसलं तर जोड सैल आहे, साइट बदलून मागा. 30 अँपिअरच्या जोडणीत एसीच 13-15 अँपिअर खातो. मायक्रोवेव्ह 12-13, पाण्याचा हीटर विजेवर ठेवला तर आणखी 12. तिन्ही एकत्र चालणार नाहीत, हीटर गॅसवर टाका. दुपारी सगळ्यांचे एसी लागले की कॅम्पग्राउंडचं व्होल्टेज उतरतं. 105 व्होल्टच्या खाली गेलं तर एसी बंद करा, नाहीतर काँप्रेसर जळू शकतो.

गॅसवरही चालणारा फ्रिज हळू थंड होतो. तो निघण्याच्या आदल्या दिवशी चालू करा, आणि आत ठेवायचं दूध, दही, भिजवलेलं पीठ घरच्या फ्रिजमधून आधीच गार करून आणा. गाडी सपाट उभी नसेल तर तो नीट थंड होत नाही.

स्वयंपाक बाहेर. आत वरणाचा कुकर लावला की उष्णतेबरोबर वाफही कोंडते आणि एसीचं काम वाढतं. इंडक्शन बाहेर नेलीत तरी ती 15 अँपिअरपर्यंत ओढते, म्हणून तेवढा वेळ मायक्रोवेव्ह नको.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नका. आणि झोपण्यापूर्वी ऑनिंग गुंडाळा; जुलैत तिथे दुपारनंतर वादळी वारा अचानक सुटतो.