नवीन भाजी घरात रुळवायची कशी

बहुतेक घरांत त्याच पाच-सहा भाज्या आलटून पालटून होत असतात, आणि मग कधीतरी कोणीतरी हौसेने ब्रोकोली नाहीतर झुकिनी आणतं, ती पाण्यात घालून मऊ होईस्तोवर उकडतं, कोणी खात नाही आणि निकाल लागतो की आमच्याकडे ही भाजी चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यात बऱ्याचदा भाजीचा काही दोष नसतो, ती जशी शिजायला हवी तशी शिजलेलीच नसते. म्हणून इथे रेसिपी कमी देतेय आणि कुठली भाजी कशी वागते ते जास्त सांगतेय, कारण ते एकदा कळलं की रेसिपी लागतच नाही.

सुरुवात कशाने करायची? घरात जे आधीच आवडतं त्याच्या जवळचं काहीतरी घ्या. फ्लॉवर खाल्ला जातो ना, मग ब्रोकोली घ्या. पालक चालतो तर चार्ड घ्या, कोबी चालतो तर नवलकोल किंवा बॉक चॉय. एका वेळी एकच नवीन भाजी आणा आणि तीही थोडीशीच, सगळ्यांच्या ताटात दोन-दोन घास येतील एवढीच, म्हणजे नाही आवडली तरी वाया जात नाही आणि जेवणावर ताणही येत नाही. आणि आणली की लगेच करा हो, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवून नको. मटार, मका, अ‍ॅस्परॅगस (लांब हिरवे कोवळे कोंब) यांच्यातली साखर तोडणीनंतर कमी होत जाते, त्यामुळे शिळी भाजी पहिल्यांदा चाखणाऱ्याला तिची खरी चव कळतच नाही.

अजून एक, पहिल्या दिवशी नावडली तर सोडून देऊ नका. लहान मुलांना नवी चव ओळखीची व्हायला कधीकधी दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आणि मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. पण जबरदस्ती नाही, "एवढं संपव मग गोड मिळेल" हे तर अजिबात नाही, कारण त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि गोड हे बक्षीस. आवडीच्या पदार्थाच्या शेजारी दोन तुकडे ठेवायचे, खाल्ले तर खाल्ले, नाहीतर परत आठवड्याने ठेवायचे, पण त्या वेळी वेगळ्या पद्धतीने करून.

आता शिजवण्याकडे येऊ. मला विचाराल तर अनोळखी भाजी पहिल्यांदा करायची असेल तर भाजून करा. ब्रोकोली, फ्लॉवर, ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीचे छोटे गड्डे दिसतात ते), गाजर, बीट, लाल भोपळा, सगळ्यांना ही एकच पद्धत चालते. तुकडे साधारण सारख्या आकाराचे करा, धुतलेली भाजी फडक्याने नीट कोरडी करा, तेल आणि मीठ चोळा आणि ओव्हनमध्ये २०० ते २२० अंश सेल्सिअसला ठेवा. ब्रोकोली-फ्लॉवर २०-२५ मिनिटांत होतात, गाजर-बीटच्या तुकड्यांना ३५-४० लागतात, मध्ये एकदा उलटायचं. यात लोकांचं सगळ्यात जास्त काय चुकतं तर ट्रे खच्चून भरतात. तुकडे एकमेकांना चिकटून असले की त्यांचं पाणी वाफ होऊन तिथेच अडकतं, मग भाजी भाजली न जाता उकडते, आणि पृष्ठभाग कोरडा होऊन चांगला तापला नाही तर तो तपकिरी खमंग रंग येत नाही, सगळी चव तर त्यातच असते. जागा सोडून पसरा, गरज पडली तर दोनदा भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा घ्या, चांगला तापवा, तेल घालून तुकडे कापलेल्या बाजूने खाली ठेवा आणि तीन-चार मिनिटं त्यांना हात लावू नका. सारखं हलवायचा मोह होतो पण तो आवरा. मग उलटा, चमचाभर पाणी शिंपडून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, झालं.

कोबीच्या कुळातल्या भाज्यांबद्दल थोडं जास्त बोलते कारण बहुतेक नापसंती इथूनच येते. कोबी, ब्रोकोली, ब्रसेल्स स्प्राउट्स, केल (जाड पानांची पालेभाजी) या सगळ्यांत गंधक असलेले घटक असतात, आणि जितका जास्त वेळ उकळाल तितका तो उग्र वास वाढत जातो. म्हणजे हे जास्त शिजवणं टाळायचं, एवढंच! ब्रोकोलीचे तुरे वाफेवर चार-पाच मिनिटं पुरे, रंग भडक हिरवा झाला आणि सुरी जराशा जोराने आत गेली की उतरवा. वाफेचा अजून एक फायदा म्हणजे क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, भाजी उकळून पाणी ओतून दिलं की तेही त्याबरोबर जातं. आणि ब्रोकोलीचा दांडा टाकू नका प्लीज, वरची जाड साल काढा, आतला भाग गोडसर आणि कुरकुरीत असतो, खूप जणांना तो तुऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

काही लोकांना या भाज्या इतरांपेक्षा खरंच जास्त कडू लागतात, ते नाटक नसतं, कडू चव ओळखणाऱ्या जीनमध्येच माणसामाणसांत फरक असतो. अशांच्या ताटात मीठ नीट पडू द्या कारण मीठ कडूपणा दाबतं, आणि थोडं लोणी किंवा तेल, वरून लिंबू. फक्त लिंबू किंवा व्हिनेगर अगदी शेवटी, ताटात वाढताना घाला, आधी घातलं तर हिरवा रंग मळकट होतो. हिरवा रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालतात काही जण, तो नको, भाजीचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वंही जातात.

झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे मंद आचेवर झाकण ठेवून केली की ती पचपचीत होणारच. जाडसर चकत्या, मोठी आच, पसरट भांडं, झाकण नाही, आणि मीठ उतरवताना. वांग्याच्या फोडींना, मशरूमलाही हीच मोठी आच मानवते. इथे एक महत्त्वाची गोष्ट: झुकिनी, काकडी किंवा भोपळ्यापैकी काहीही शिजवण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा, जर जहाल कडू लागला तर थुंकून टाका आणि ती भाजी सरळ फेकून द्या. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी घटकामुळे येतो, शिजवून तो जात नाही आणि माणूस खरोखर आजारी पडू शकतो.

पालेभाज्या दोन प्रकारच्या धरा. पालक, चार्डची पानं यांना दोन मिनिटं पुरतात आणि त्या खूप आळतात, त्यामुळे भांडं भरून घेतलेला ढीग बघून घाबरू नका आणि मीठ आळल्यावरच घाला. केल मात्र राठ असतो, मधला जाड देठ काढायचा, पानं चिरून मीठ-तेल लावून हाताने दोन मिनिटं चोळायची, मग कच्चीसुद्धा छान लागतात. बॉक चॉयचे पांढरे देठ आधी परतायचे, पानं शेवटच्या मिनिटाला. लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) आणली तर उभी चिरून पाकळ्या सुट्या करून धुवा, आत माती अडकलेली असते.

अ‍ॅस्परॅगस सोपा आहे, खालचं टोक वाकवलं की जून भाग आपोआप तुटतो, उरलेला गरम तव्यावर लसणीबरोबर चार-पाच मिनिटं. बीट सालासकट अख्खं शिजवा म्हणजे रंग वाहून जात नाही, साल नंतर बोटांनी निघते. आणि बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काही जणांना होते तशी. गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या यांच्याबरोबर थोडं तेल-तूप असूच द्या, त्यातलं कॅरोटीन शरीरात जायला स्निग्ध पदार्थ लागतात.

घरात कोणी रक्त पातळ करायची वॉर्फरिनसारखी गोळी घेत असेल तर केल-पालक एकदम वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो, आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी भाज्यांतल्या पोटॅशियमबद्दल तसंच विचारावं.

उरलेली भाजलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी अंड्यात, भातात किंवा सूपमध्ये घालता येते, आणि आदल्या रात्री नाही म्हणालेल्या माणसाला ती तिथे बऱ्याचदा आवडून जाते.