मिडी पेडल बनवताना या चुका टाळा: कोड उघडण्याआधी वायर बघा

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी कूलरचा पंप सुरू केला की हॉलमधला कीबोर्ड आपोआप 'सा' वाजवायचा. पेडलवर कुणाचा पाय नाही, तरी स्पीकरमधून भसकन सूर. भजनाला खर्ज धरून ठेवायला मी अर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर मिडी पेडल बनवलं होतं. मिडी म्हणजे कोणता सूर वाजवायचा ते कीबोर्डला सांगणारी डिजिटल भाषा. चार संध्याकाळी कोड उलटापालटा केला. शेवटी मित्र येऊन म्हणाला, "कोडले कायले शिव्या देऊन रायला बे, वायर पाय ना पहिले."

खोट वायरीतच होती. स्विचपासून बोर्डापर्यंत दोन मीटर वायर, आणि स्विच दाबलेला नसताना इनपुट पिन कशालाच जोडलेली नाही. अशी अधांतरी पिन म्हणजे नुसती अँटेना. शेजारी पंपाची मोटर चालू-बंद झाली की तिला तो झटका स्विच दाबल्यासारखाच वाटतो. कोडमध्ये पिनला 'इनपुट'ऐवजी 'इनपुट पुलअप' केलं, म्हणजे बोर्डाच्या आतल्या रेझिस्टरने ती ५ व्होल्टला बांधून ठेवली, की निम्मं काम होतं. पण आतला रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा, लांब वायरीसाठी जरा कमजोरच. मी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पिनपासून ५ व्होल्टला लावला, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि सिग्नलच्या वायरीला ग्राउंडची वायर पिळून घेतली. कूलर आता बिचारा मुकाट चालतो. एक लक्षात ठेवा: पुलअपमध्ये स्विच पिनला ग्राउंडशी जोडतो, म्हणून दाबल्यावर पिन शून्य वाचते. हे विसरलात तर पाय उचलल्यावर सूर लागेल.

पाच पिनांचं सॉकेट

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. नागपूरच्या बर्डी बाजारात मिडीचं पाच पिनांचं डिन सॉकेट मागितलं की मिळतं, पण त्याच्या पिना ओळीने १, २, ३, ४, ५ अशा नसतात. क्रम असतो १, ४, २, ५, ३. त्यात आपण सोल्डर करतो मागच्या बाजूने, म्हणजे नकाशा आरशात बघितल्यासारखा उलटा. मिडी आउटला (निरोप पाठवणाऱ्या सॉकेटला) ४ नंबरवर २२० ओहममधून ५ व्होल्ट, ५ नंबरवर २२० ओहममधून टीएक्स (बोर्डाची डेटा पाठवणारी पिन), मधल्या २ नंबरवर ग्राउंड. ४ आणि ५ ची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, धूर नाही, आवाज नाही. कीबोर्ड फक्त गप्प. म्हणूनच माणूस कोड खोदत बसतो.

तपासायची सोपी युक्ती: एलईडीचा लांब पाय ४ वर, आखूड पाय ५ वर लावा आणि कोडमधून एकच नोट न थांबता पाठवत राहा. एलईडी मंद उजळला तर वायरिंग बरोबर. एकदाच नोट पाठवून डोळ्यांना काही दिसणार नाही, कारण तीन बाइटचा निरोप साधारण एका मिलिसेकंदात संपतो. वेगही बघा. मिडीचा वेग १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट आहे; सवयीने ९६०० लिहिलं असेल तर समोरच्याला कचराच ऐकू येणार.

मिडी इन (निरोप घेणारं सॉकेट) बनवत असाल तर २ नंबरची पिन ग्राउंडला जोडू नका. तिथे ६एन१३८ सारखा ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारी चिप) असतो तो दोन उपकरणांची ग्राउंड वेगळी राहावीत म्हणूनच. ती जोडली की त्याचा पगार फुकट. आणि प्रोग्राम चढवताना 'नॉट इन सिंक' असं काही आलं, तर ० नंबरच्या पिनेवरची मिडी इनची वायर काढून पुन्हा प्रयत्न करा. उनो आर३ वर यूएसबीही त्याच ०-१ पिनांवर बोलते.

अडॅप्टरचा घोळ

गिटार पेडलच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा मधली पिन ऋण असते. उनोच्या जॅकमध्ये मधली धन. प्लग मात्र हुबेहूब सारखा, २.१ मिलिमीटरचा. मी घाईत अर्डुइनोचा अडॅप्टर घरी बनवलेल्या डिस्टॉर्शन पेडलला लावला. संरक्षणाचा डायोड मी टाकलाच नव्हता ("कशाला लागतो?"). कपॅसिटर फट्कन फुटला, आयसी गेला, आणि खोलीत तो आंबूस वास दोन दिवस होता. आता धन-मध्य अडॅप्टरला लाल टेप गुंडाळतो.

हम कुठून येते

हम म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण. आधी कान लावा. खोल, गोल गुंजन ५० हर्ट्झचं, खालच्या जी सुराच्या जवळपास. ते बहुधा ग्राउंड लूपमधून (दोन उपकरणं दोन वाटांनी ग्राउंडला जोडली गेली की होणाऱ्या फेऱ्यातून) किंवा उघड्या वायरीतून आत येतं. जरा खरखरीत, एक सप्तक वरचं १०० हर्ट्झचं असेल तर वीजपुरवठ्याचं फिल्टरिंग कमी पडतंय. लॅपटॉप जोडलेला असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला की लूप सापडला. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हम जातेही कधीकधी, पण पत्र्याचा कूलर आणि ओली फरशी असलेल्या घरात हा प्रयोग जिवावर बेतेल.

उरलेल्या बारीकसारीक

स्विच एकदा दाबला की आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि नोट दोनदा जाते. १०-२० मिलिसेकंदांचं डिबाउन्स ठेवा, म्हणजे तेवढा वेळ कोडने ती थरथर मोजायची नाही. नोट ऑन (सूर सुरू) पाठवून ऑफ (सूर बंद) विसरलात तर सूर अडकून बसतो. बाइट स्वतः पाठवत असाल तर कोडमध्ये मिडीचा पहिला चॅनेल ० असतो. उनो आर३ संगणकाला थेट यूएसबी मिडी म्हणून दिसत नाही, त्यासाठी लिओनार्डोसारखा बोर्ड घ्या.

आणि सोल्डरिंग. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर बसल्याशिवाय काही सुचत नाही, पण तो थेट झोत सोल्डरिंगच्या टोकाला थंड करतो आणि डाग गोळीसारखा, मळकट बसतो. वरून जोडलेला दिसतो, हलवला की सुटतो. पॅड आणि तार दोन्ही तापवा, मग सोल्डर लावा, आणि गोठेपर्यंत हात हलवू नका. सोल्डरमधल्या राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा, कूलरचं तोंड मात्र भिंतीकडे. नाहीतर सरळ रात्री अकरानंतर बसा. तेव्हा नागपुरात मे महिन्यातही थोडा वारा सुटलेला असतो.