फाउंड्रीचं गुंतलेलं सॉफ्टवेअर सुटं केलं, माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीचं (धातू वितळवून ओतकाम करायचा कारखाना) सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालायचं, मेल्टिंगची नोंद, पॅटर्नचा (साचा करायच्या नमुन्यांचा) स्टॉक, डिस्पॅच, बिल, सगळं एकमेकांत अडकलेलं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं आणि मग बिलाच्या स्क्रीनला हात लावला की डिस्पॅच बंद, गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन वैतागलेला.

व्हेंडर म्हणाला सगळंच नवीन घ्या. म्हटलं नको भावा. डेव्हिड पार्नास ह्या सॉफ्टवेअरच्या शास्त्रज्ञानं १९७२ लाच सांगून ठेवलंय, कामाच्या पायऱ्या बघून तुकडे पाडू नका, जे बदलायची शक्यता आहे ते एकेका तुकड्यात झाकून ठेवा. आमच्यात सारखं बदलतंय काय तर सरकारी नियम, म्हणून जीएसटी, आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो नंबर), क्यूआर कोड सगळं वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढलं. डिस्पॅचवाला आता पार्टी, पार्ट नंबर, हीट नंबर (माल कुठल्या वितळवणीतला ते सांगणारा) आणि वजन एवढंच पाठवतो, टॅक्स किती लागतो त्याला माहीतच नाही. पोर्टल अडकलं तर बिल रांगेत थांबतं, लोडिंग चालू राहतं.

खरी डोकेदुखी कोडची नव्हतीच. हीट नंबर कुणाचा ह्यावरनं क्वालिटी आणि स्टोअरची जाम जुंपली, शेवटी ठरलं की तो मेल्टिंगवालाच टाकणार, बाकीच्यांनी नुसता वाचायचा.

नंतर गोकुळ शिरगावच्या मशीनिंगवाल्याला जोडताना तेच चार रकाने दिले, त्याचं एक्सेल पण चाललं. पॅटर्नचा स्टॉक अजून जुन्यातच आहे, चालतंय तर कशाला छेडा.