शिक्षकाची नोकरी स्वीकारताना या चुका टाळा

माध्यमिक शाळा शिक्षकांना काय देते याची यादी जाहिरातींमध्ये हल्ली बरीच लांबलचक असते. सुसज्ज प्रयोगशाळा, डिजिटल फळे, प्रशिक्षणाची संधी, पाल्याला फीमध्ये सवलत आणि शेवटी ‘कौटुंबिक वातावरण’. यातलं काही खोटं असेलच असं नाही. पण रोजचा दिवस कसा जाईल हे त्यावरून कळत नाही. ते कळतं वेळापत्रकावरून, आणि वेळापत्रक कुठल्याच जाहिरातीत छापलेलं नसतं. ते मागून घ्यावं लागतं. बहुतेक उमेदवार मागत नाहीत आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

नुसते तास मोजणं

एका शाळेत आठवड्याला ३० तास, दुसरीकडे २८. म्हणजे दुसरी बरी, असा हिशेब सर्रास होतो. तो फसवा आहे. गणिताच्या शिक्षकाला एका तुकडीवर आठवड्याला ६ तास असतील, तर ३० तासांत ५ तुकड्या होतात. तुकडीत ४० मुलं धरली तर २०० मुलं. इतिहासाच्या शिक्षकाला तुकडीमागे २ तास असतील, तर तेवढ्याच ३० तासांत १५ तुकड्या आणि ६०० मुलं. एका उत्तरपत्रिकेला ५ मिनिटं दिली, तरी एका चाचणीमागे पहिल्याचे सुमारे १७ तास जातात आणि दुसऱ्याचे ५०. पगार दोघांचा सारखाच. चित्रकला, संगीत, संगणक शिकवणाऱ्यांची गत बहुधा इतिहासवाल्यासारखीच होते. शेकडो मुलांची नावं लक्षात ठेवायची, ते वेगळंच.

तयारीचंही तसंच. पाचही तुकड्या आठवीच्या असल्या तर टाचण एकदाच काढायचं. पाचव्या तुकडीपर्यंत पाठ घोटून तयार होतो. पाच तुकड्या तीन इयत्तांच्या आणि दोन विषयांच्या असल्या, तर रोज संध्याकाळ तयारीत जाते. नव्या माणसाच्या वाट्याला अनेकदा हेच दुसरं येतं, कारण जुन्यांचे वर्ग ठरलेले असतात आणि उरलेलं गाठोडं नव्याच्या हाती पडतं.

त्यामुळे ‘किती तास?’ एवढ्यावर थांबू नका. किती तुकड्या, किती इयत्ता, तुकडीत किती मुलं, वर्गशिक्षकपद आहे का, कार्यभार भरण्यासाठी दुसऱ्या विषयाचे तास द्यावे लागतील का, हे सगळं विचारा. आधीच्या शिक्षकाचं वेळापत्रक दाखवायला शाळेला काहीच अडचण नसते. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

ऑफ तास म्हणजे मेहरबानी, असं समजणं

ऑफ तास, म्हणजे वर्गावर जायचं नसतं तो तास, हा तपासणीचा आणि तयारीचा वेळ असतो. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाच्या शाळांत शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ नियोजन, तयारी आणि मूल्यमापनासाठी राखून ठेवावा लागतो. २००५ पासून तसा नियमच आहे. स्कॉटलंडमध्ये शिक्षकाने प्रत्यक्ष वर्गावर घालवायची वेळ आठवड्याला जास्तीत जास्त साडेबावीस तास ठरवलेली आहे. तुम्ही अर्ज करताय त्या शाळेला असे नियम लागू असतील किंवा नसतील. पण कागदावरच्या ऑफ तासांपैकी किती तास खरंच हातात राहतात, हे विचारायला नियम लागत नाही. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी बदली तासाला कोण जातं? जो मोकळा दिसेल तो, असं उत्तर आलं तर ते ऑफ तास फक्त वेळापत्रकात आहेत असं धरून चाला.

‘मार्गदर्शन मिळेल’ यावर विसंबणं

नवशिक्षकांसाठी माझ्या मते यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दुर्दैवाने सगळ्यात मोघमही हीच. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नवशिक्षकाचा प्रवेशकाळ, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीचा मार्गदर्शनाखालचा काळ, दोन वर्षांचा केला आहे. पहिल्या वर्षी शिकवण्याच्या तासांत १० टक्के सूट, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, आणि सोबत नेमून दिलेला मार्गदर्शक. मुद्दा त्या मोकळ्या वेळेचा आहे. मार्गदर्शकाला आणि नव्या शिक्षकाला एकाच वेळी मोकळीक नसेल, तर मार्गदर्शन जिन्यात येता-जाता होतं.

मुलाखतीत तीनच प्रश्न विचारा: मार्गदर्शक कोण, तो माझ्याच विषयाचा आहे का, आणि आमची भेट आठवड्यात कधी ठरलेली असेल? ‘इथे सगळेच मदत करतात’ हे ऐकायला छान वाटतं, पण नेमलेलं माणूस नसलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी सांगेल. पाठ निरीक्षणाबद्दलही विचारून घ्या. निरीक्षणानंतर बसून चर्चा होते की शेरा थेट गोपनीय अहवालात जातो, यावर पहिल्या वर्षाची झोप अवलंबून असते.

प्रशिक्षणाचं थोडक्यात: ते सुट्टीत आहे की कामाच्या दिवशी, खर्च कुणाचा, आणि त्या बदल्यात अमुक वर्षं शाळा सोडायची नाही अशी अट आहे का, एवढं पाहिलं की पुरे.

नेमणूकपत्र घरी जाऊन वाचणं

सही करून झाल्यावर पत्र नीट वाचणारे खूप असतात. शिस्तीने क्रम उलटा ठेवा. परिवीक्षा काळ (प्रोबेशन) किती आणि तो वाढवण्याचा अधिकार कुणाचा, मोठ्या सुट्टीचा पगार मिळतो की नेमणूक सत्राच्या शेवटच्या दिवशी संपते, पूर्वीचा अनुभव वेतननिश्चितीत धरला आहे का, हे तीन मुद्दे पैशाशी थेट जोडलेले आहेत. चौथा मुद्दा राजीनाम्याचा. शाळांमध्ये नोटिशीचा काळ अनेकदा सत्राला बांधलेला असतो. इंग्लंडमधल्या बहुसंख्य शाळांत उन्हाळी सत्राअखेर सोडायचं असेल तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. तारीख हुकली की पुढचं सत्र तिथेच.

फीमधली सवलत असेल तर ती जागा शिल्लक असल्यासच मिळते का, ते पाहा. निवासी शाळेत घर मिळत असेल, तर त्यासोबत वसतिगृहाची रात्रपाळी येते का हेही पाहा, कारण ते घर मग फुकट राहत नाही. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा, छायाप्रती द्या. मूळ कागद शाळेत ठेवून घ्यायचा आग्रह झाला तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

शाळेत जाऊनही शाळा न बघणं

निवडीसाठी वर्गावर घ्यायचा नमुना पाठ म्हणजे आपली परीक्षा, या दडपणाखाली उमेदवार येतो आणि फळ्याकडे बघून परत जातो. तो पाठ शाळेचीही परीक्षा असते. मुलं प्रश्न विचारतात का? मागच्या बाकावर गडबड झाली तर काय करायचं, हे मुलांना आणि शिक्षकांना सारखंच माहीत आहे का? मुख्याध्यापकांना सरळ विचारा: मूल वर्ग चालूच देत नसेल तर मी कुणाकडे पाठवायचं आणि पुढे काय होतं? शिस्तीची पद्धत बसलेली असेल तर उत्तर दोन वाक्यांत येतं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूम बघायला मिळाली तर उत्तमच. वर्ष-दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एखाद्या शिक्षकाशी पाच मिनिटं बोलायला मिळेल का, असं विचारण्यात काही वावगं नाही. आणि ही जागा का रिकामी झाली, हा प्रश्न संकोचाने गिळू नका. निवृत्ती झाली असेल तर कुणीही सांगतं.

रुजू झाल्यावर गणित चुकलं तर

तोंडी सांगितलं एक आणि हाती पडलं भलतंच, असं झालं तर पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये तक्रारीचा सूर लावू नका. तो तुमच्या आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचतो. दोन आठवडे साधी नोंद ठेवा: घेतलेले तास, बदली तास, तपासलेल्या वह्या, शाळेनंतरच्या बैठका. मग पर्यवेक्षकांना वेळ मागून भेटा आणि एकच नेमकी मागणी ठेवा, उदाहरणार्थ तीन इयत्तांपैकी एकीचा वर्ग काढून उरलेल्या दोन इयत्तांपैकीच आणखी एक तुकडी द्यावी. ‘फार काम आहे’ यावर कुणालाच काही करता येत नाही. तुकडी बदलता येते. मात्र सत्राच्या मध्यात एक तास हलवला की चार जणांचे तास हलतात, म्हणून मोठा बदल पुढच्या सत्राचं वेळापत्रक पक्कं होण्याआधी मागा. भेटीत जे ठरेल ते त्याच संध्याकाळी आभार मानून ईमेलने कळवा, म्हणजे पुढच्या सत्रात तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच नोंद असेल.