टाकीच्या भिंतीवर पाण्याचा जोर किती? हिशेब असा करा

टाकीची भिंत किती जाड ठेवायची हे ठरवताना पहिला प्रश्न येतो, "किती हजार लिटरची?" भिंतीला लिटरशी काही देणेघेणे नसते. तिच्यावरचा दाब ठरतो पाण्याच्या खोलीवर. टाकी दुप्पट रुंद केली तरी दर मीटर भिंतीवरचा जोर तेवढाच राहतो.

आतून ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशी आरसीसी टाकी घेऊ.

१. खोली ठरवा. ओव्हरफ्लोपर्यंतची नव्हे, भिंतीच्या माथ्यापर्यंतची. फ्लोट व्हॉल्व्ह अडकला आणि ओव्हरफ्लो तुंबला की पाणी तिथवर चढतेच. ३ ऐवजी ३.३ मीटर खोली झाली तर जोर २१ टक्क्यांनी वाढतो.

२. तळाचा दाब काढा. एक घनमीटर पाण्याचे वजन ९.८१ किलोन्यूटन (किलोन्यूटन हे जोराचे एकक, साधारण १०२ किलो वजनाएवढे). म्हणून ९.८१ × ३ = २९.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. वर शून्य, खाली एवढा, मधे सरळ रेषेत वाढत जाणारा.

३. एकूण जोर. सरासरी दाब तळाच्या निम्मा, १४.७. लांब भिंतीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. जोर सुमारे १७७ किलोन्यूटन, म्हणजे १८ टन! इथे हमखास होणारी चूक म्हणजे तळाचाच दाब सगळ्या भिंतीला लावणे. उत्तर दुप्पट येते.

४. जोर कुठे लागतो? मध्यावर नाही. दाबाचा आकार त्रिकोणी असल्याने तळापासून एक तृतीयांश उंचीवर, इथे १ मीटरवर. भिंत फक्त तळाशी धरलेली आणि वर मोकळी मानली, तर दर मीटर लांबीला ४४.१ किलोन्यूटन (सरासरी दाब १४.७ × खोली ३) × १ मीटर एवढा वाकवणारा परिणाम तळाशी येतो, आणि तो खोलीच्या घनाने वाढतो. ३.३ मीटरला ३३ टक्के जास्त. लांबी खोलीच्या मानाने बरीच जास्त असेल तर हे गृहीत चालते. आपल्या टाकीत लांबी खोलीच्या १.३३ पटच आहे, म्हणून कोपरेही भिंतीला धरतात. तेव्हा आयएस ३३७० या काँक्रीटच्या टाक्यांसाठीच्या भारतीय मानकाच्या भाग ४ मधले गुणक वापरावेत.

कोपऱ्यांचे आणखी एक काम असते, आणि तेच विसरले जाते. आखूड भिंतीवरचा जोर लांब भिंतींना ओढतो. तळाकडच्या एक मीटर पट्ट्यात सरासरी दाब २४.५ (९.८१ × सरासरी खोली २.५), गुणिले टाकीची रुंदी २.५, भागिले दोन लांब भिंती, म्हणजे प्रत्येक लांब भिंतीत सुमारे ३१ किलोन्यूटन ताण. वाकण्यासाठीच्या सळईखेरीज या ताणासाठी आडवी सळई धरली नाही तर कोपऱ्यात उभी भेग पडून पाझर सुरू होतो.

तळालगत ६० सेंमी चौरस सफाईचे दार असेल तर त्याच्या मध्याची खोली २.७ मीटर. ९.८१ × २.७ × ०.३६ = ९.५ किलोन्यूटन, सुमारे ९७० किलो. हा जोर दाराच्या मध्याच्या ११ मिलिमीटर खाली लागतो, त्यामुळे खालच्या बोल्टांवर थोडा अधिक भार येतो.

पाण्याऐवजी साखर कारखान्याची मळी साठवणार असाल तर सगळे आकडे साधारण १.४ ने गुणा.

दोन कप्प्यांच्या टाकीत मधल्या भिंतीला दोन्हीकडून समान दाब आहे असे धरू नका. सफाईला एक कप्पा रिकामा होतो आणि पूर्ण जोर एका बाजूने येतो. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने. सळई दोन्ही तोंडांना लागते. जमिनीखालच्या टाकीत बाहेरच्या मातीचा आधार पाण्याच्या जोरातून वजा करू नका, कारण शेजारी पाइपसाठी चर खणला की तो जातो. टाकी रिकामी असताना मात्र मातीचा आणि भूजलाचा दाब आतल्या दिशेने पूर्ण धरा.