जुन्या सीडी संगणकावर उतरवताना या चुका टाळा

जुन्या सीडी संगणकावर उतरवून घेण्याचे काम वरकरणी इतके सोपे दिसते की बहुतेक जण ते एखाद्या सुटीच्या दुपारी उरकून टाकतात. सीडी ड्राइव्हमध्ये घालायची, बटण दाबायचे आणि पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली की पुढची सीडी घ्यायची. ती पट्टी पूर्ण भरली याचा अर्थ मात्र ड्राइव्हने काहीतरी वाचले आणि ते हार्ड डिस्कवर लिहिले गेले एवढाच असतो. जे लिहिले गेले ते सीडीवरचेच आहे की नाही, याची हमी त्यात नसते. गाण्यांच्या सीडीबाबत ही गफलत कित्येक महिने लक्षात येत नाही, आणि येते तोवर मूळ सीडी भंगारात गेलेली असते.

अगदी पहिल्या पायरीवरची चूक म्हणजे गाण्यांच्या सीडीतील ट्रॅक माउसने ओढून फोल्डरमध्ये टाकणे. विंडोजमध्ये असे केल्यास ‘सीडीए’ नावाच्या फाइली मिळतात, त्या क्षणार्धात कॉपी होतात आणि सीडी ड्राइव्हमध्ये असेपर्यंत वाजतातही. सीडी बाहेर काढली की मात्र त्या मुक्या होतात. अशी प्रत्येक फाइल अवघ्या ४४ बाइटची असते, कारण तिच्यात गाणे नसून गाणे कुठे सुरू होते आणि किती लांब आहे एवढीच नोंद असते. १९८० च्या ‘रेड बुक’ मानकानुसार बनलेल्या ऑडिओ सीडीवर आजच्या अर्थाने फाइली नसतातच. तिच्यावर दोन चॅनेलांमध्ये दर सेकंदाला ४४,१०० या दराने घेतलेले आवाजाचे १६ बिटचे नमुने एका अखंड सर्पिलात मांडलेले असतात. ते वाचून त्यांची फाइल बनवण्याचे काम, म्हणजेच रिपिंग, त्यासाठीच्या सॉफ्टवेअरनेच करावे लागते.

न दिसणारी चूक

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाचनाची पडताळणी न करणे, आणि तिचे कारण सीडीच्या रचनेतच आहे. डेटा सीडीच्या प्रत्येक २,३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये प्रत्यक्ष माहितीसाठी फक्त २,०४८ बाइट वापरले जातात आणि उरलेल्या जागेत मुख्यतः चुका ओळखून दुरुस्त करण्याची जादा व्यवस्था असते. त्यामुळे फाइल खराब असेल तर संगणक सरळ ‘वाचता येत नाही’ असा संदेश देतो. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २,३५२ बाइट संगीतासाठी खर्ची पडतात. दुरुस्तीची मूळ व्यवस्था तिच्यातही आहे आणि ती सर्पिलाच्या सुमारे २.५ मिलिमीटर लांबीवरची हरवलेली माहिती पुन्हा जशीच्या तशी उभी करू शकते. पण नुकसान त्यापेक्षा मोठे असेल तर ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधली किंमत अंदाजाने भरून मोकळा होतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, कारण ओरखडा असलेली सीडीही न अडखळता वाजते. कायमची प्रत करू पाहणाऱ्याला मात्र तीच घातक ठरते, कारण अंदाज कुठे केला हे फाइलमध्ये कुठेही नोंदलेले राहत नाही.

म्हणून साध्या म्युझिक प्लेयरने रिपिंग करण्याऐवजी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरअँप, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर सीडीपॅरानोया यांसारखी साधने वापरावीत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचने जुळली नाहीत तर तोच भाग ८२ वेळांपर्यंत पुन्हा वाचून बहुमताने निर्णय घेतला जातो. त्यातही एक खोच आहे. पुष्कळ ड्राइव्ह नुकतेच वाचलेले आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर सीडी न वाचता तेच उत्तर परत देतात, त्यामुळे चुकीचे वाचनही स्वतःशी शंभर टक्के जुळते. साधनाच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हच्या या कॅशची चाचणी करून ती टाळण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय सुरक्षित पद्धतीचा फारसा उपयोग नाही.

याहून भक्कम पडताळणी ॲक्युरेटरिप या सेवेमुळे होते. आपल्या रिपिंगमधून निघालेला आकडा, म्हणजे चेकसम, तीच सीडी इतरत्र उतरवणाऱ्यांच्या आकड्यांशी ती ताडून पाहते. वेगवेगळ्या ड्राइव्हांनी वेगवेगळ्या प्रतींवरून काढलेला आकडा तोच असेल तर शंकेला जागा उरत नाही. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीसाठी अशी तुलना अर्थातच मिळत नाही, म्हणून अशी सीडी शक्य असल्यास दोन वेगळ्या ड्राइव्हांवर वाचून चेकसम जुळवावेत. ते जुळले नाहीत म्हणून लगेच हबकून जाऊ नये. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ट्रॅकची सुरुवात काही नमुने मागे किंवा पुढे धरतो, याला ऑफसेट म्हणतात, आणि हा फरक सेटिंगमध्ये दुरुस्त केलेला नसेल तर आवाज तंतोतंत तोच असूनही आकडे वेगळे येतात.

वेग आणि स्वच्छता

गाणी वाजवण्याच्या ५२ पट वेगाने सीडी तीन-चार मिनिटांत उतरते, पण त्या वेगाला चकती मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते आणि ती जरा वाकडी किंवा असमतोल असली तरी लेझरला माग धरून राहणे अवघड जाते. अडणाऱ्या सीडीसाठी वेग ४ ते ८ पटीपर्यंत उतरवून पाहावा. अनेकदा एवढ्याने काम होते. वेग सर्वांत कमी केला की वाचन सर्वांत चांगले, असा मात्र नियम नाही, कारण काही ड्राइव्ह मधल्या वेगालाच उत्तम वाचतात. आतल्या कड्याजवळ तडा गेलेली सीडी मात्र वेगवान ड्राइव्हमध्ये घालूच नये. ती आत फुटली तर ड्राइव्हही जातो.

पुसण्याच्या बाबतीत हात सवयीने गोल फिरतो आणि नेमके तेच टाळायचे असते. सर्पिलाच्या दिशेने पडलेला बारीकसा ओरखडाही सलग पुष्कळ माहिती एकदम झाकतो, तर त्याला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला अगदी लहान तुकडा झाकतो आणि तो दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो. म्हणून मऊ, धागे न सुटणारे कापड मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. बोटांचे तेलकट डाग निघत नसतील तर कापडाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे. ॲसिटोन किंवा थिनर पॉलिकार्बोनेट खराब करतात. टूथपेस्टचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण ती अपघर्षक असते आणि एक खोल ओरखडा घालवताना शंभर उथळ ओरखडे पाडते. मी तरी हा प्रयोग अन्य सर्व मार्ग संपल्याशिवाय करणार नाही.

सीडीची चकाकणारी बाजू जपायची आणि लेबलची बाजू कशीही टाकायची, ही समजूतही उलटी आहे. चकाकणाऱ्या बाजूला जवळपास १.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक असते आणि त्यावरचा ओरखडा पॉलिश करून कमी करता येतो. धातूचा परावर्तक थर मात्र लेबलच्या लगेच खाली, लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. तिथे बॉलपेनची टोके उमटली, किंवा चिकटवलेला कागद सोलून काढताना थराचा कपचा निघाला, तर त्या जागेवरची माहिती कायमची गेली. सीडी दिव्यासमोर धरून पाहिली असता सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर थर झिजला आहे असे समजावे. अशी सीडी रांगेत सर्वांत पुढे घ्यावी.

प्रत कोणत्या रूपात ठेवावी

काही वर्षांपूर्वी जागा वाचवण्याच्या नादात मी आपल्या सर्व सीडी १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये उतरवल्या आणि मूळ सीडी देऊन टाकल्या. त्या वेळच्या लहानशा स्पीकरवर फरक कळत नव्हता, पुढे चांगले हेडफोन आल्यावर झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला, आणि तोवर परतीचा मार्ग बंद झाला होता. एमपी३ मध्ये टाकून दिलेला आवाज ३२० केबीपीएसमध्ये पुन्हा रूपांतर करून परत येत नाही. फक्त फाइल फुगते. एक तासाचे संगीत वेव्ह स्वरूपात सुमारे ६३५ एमबी होते, तेच फ्लॅक या स्वरूपात बहुधा त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून थोडे अधिक येते आणि त्यात एक बिटही हरवत नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि मोबाइलसाठी हवी तेव्हा तिच्यावरून लहान फाइल बनवावी. ऑडिओ सीडीची ‘आयएसओ’ प्रतिमा, म्हणजे पूर्ण चकतीची एका फाइलीतली नक्कल, करण्याचा प्रयत्न फसतो, कारण ते स्वरूप डेटा सीडीसाठी आहे. पूर्ण सीडीची एकच प्रत हवी असेल तर एक अखंड फाइल आणि तिच्यासोबत ट्रॅकच्या सीमा सांगणारी क्यू शीट ठेवावी. मैफिलीसारख्या न थांबणाऱ्या कार्यक्रमात दोन ट्रॅकच्या मध्ये खट्ट आवाज किंवा पोकळी येत असेल, तर दोष बहुधा एमपी३ चा किंवा प्लेयरचा असतो, सीडीचा नव्हे.

गाण्यांची नावे आपोआप भरली जातात म्हणून ती तपासायची नाहीत, ही आणखी एक सवय. नावे इंटरनेटवरील संग्रहातून ट्रॅकच्या लांबीवरून शोधली जातात आणि क्वचित दोन वेगळ्या सीडींच्या लांबी जुळतात. जुने सॉफ्टवेअर कोणत्याच सीडीचे नाव शोधू शकत नसेल, तर ते २०२० मध्ये बंद पडलेल्या फ्रीडीबीला विचारत असण्याची शक्यता मोठी आहे. सेटिंगमध्ये म्युझिकब्रेन्झसारखा चालू संग्रह निवडावा.

घरी लिहिलेल्या सीडी

छापील सीडीत माहिती साच्याने ठसवलेली असते. घरी लिहिलेल्या सीडी-आरमध्ये ती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी विटत जातो. त्यामुळे बाजारात अजून मिळू शकणाऱ्या गाण्यांपासून सुरुवात करणे आणि घरचे फोटो, आवाज, कागदपत्रे शेवटी ठेवणे, हा क्रमच मुळात चुकतो.

अशी सीडी रिकामी दिसली तर विंडोज विचारेल त्या ‘फॉरमॅट’च्या प्रश्नाला होकार देऊ नये, सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा लिहिता येणारी) असेल तर त्याने सारे पुसले जाईल. सीडी लिहून झाल्यावर बंद (फायनलाइज) केलेली नसेल तर साधे ड्राइव्ह तिला ओळखत नाहीत, म्हणून ती लेखन करू शकणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. काही फाइलीच दिसत असतील तर माहिती टप्प्याटप्प्याने लिहिलेली असू शकते आणि संगणक फक्त शेवटचा टप्पा दाखवत असू शकतो. आयसोबस्टरसारखे साधन आधीचे टप्पेही उघडून दाखवते.

कॉपी मधेच ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ या त्रुटीवर थांबली, तर तीच फाइल पुनःपुन्हा ओढत बसू नये. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू आधी सुदृढ भाग झटपट उचलते, खराब जागांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवते आणि नंतर फक्त त्या जागांवर परत जाते. तीच मॅप फाइल वापरून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचन केले तर एकाला न जमलेले सेक्टर दुसऱ्याकडून भरून निघतात. व्हीसीडीला मात्र ही पद्धत तशीच लागू पडत नाही, कारण तिचे चित्रण २,३२४ बाइटच्या वेगळ्या सेक्टरांत असते आणि साध्या आयएसओमध्ये ते बसत नाही. तिच्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधील ‘डॅट’ फाइली आयसोबस्टरने काढाव्यात. त्या व्हीएलसीमध्ये चालतात.

सर्व उतरून झाल्यावर रिपिंगचा लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली नोंद, त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, फाइलींचे चेकसम काढून ठेवावेत आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करून तिचेही चेकसम ताडावेत. एखादी सीडी कोणत्याच ड्राइव्हवर पूर्ण वाचली गेली नाही, तर न वाचलेल्या ट्रॅकचा क्रमांक कागदावर लिहून तो डबीत ठेवावा आणि ती डबी अंधाऱ्या, कोरड्या जागी उभी ठेवून द्यावी. दोष चकतीचा आहे की हाताशी असलेल्या ड्राइव्हांचा, हे तिसरा किंवा चौथा ड्राइव्ह मिळेपर्यंत सांगता येत नाही.