छोटे चेक बाजारगाव कसे वाचावे: तेल्चच्या नकाशावरून

चेक गावाचा अभ्यास सनावळीने सुरू केला की तो तिथेच अडकतो. आधी पाणी पाहा, मग चौक, मग घरे. नैऋत्य मोरावियातले (मोराविया म्हणजे चेक देशाचा पूर्वेकडचा प्रांत), समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवरचे तेल्च यासाठी उत्तम आहे.

दर्जा आधी समजून घ्या. 'म्येस्तो' म्हणजे नगर. तेल्च हे म्येस्तो. त्याहून लहान, पण बाजाराचा हक्क असलेले ते 'म्येस्तिस', साधारण आपल्या कसब्यासारखे. हा दर्जा १९५४ मध्ये बंद झाला आणि २००६ मध्ये परत आला. मधल्या काळातल्या कागदांत नुसते 'गाव' लिहिले असेल, तर तिथे बाजारहक्क कधीच नव्हता असा निष्कर्ष काढू नका.

आता पाणी. तेल्चचा जुना भाग तळ्यांच्या मध्ये अरुंद जिभेसारखा पसरला आहे. तळी नैसर्गिक नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या आगीनंतर लाकडी गाव दगडात उभे राहिले, भोवती तट आला आणि तळ्यांनी तो आणखी बळकट केला. चौक लांबट का, हेही इथेच उमगते: पसरायला दुसरी जागाच नव्हती.

खरा ऐवज आहे तो 'स्थिर कदास्त्रा'च्या, म्हणजे करासाठी झालेल्या जुन्या जमीन मोजणीच्या, नकाशात. मोरावियात ही मोजणी १८२४ ते १८३६ दरम्यान झाली. प्रमाण १:२८८०, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर २८.८ मीटर. चेक भूमापन खात्याच्या जुन्या नकाशांच्या संकेतस्थळावर रंगीत प्रती मोफत दिसतात. नाव जर्मन, 'टेल्ट्श', असेही शोधा, कारण नकाशावरची नावे बहुधा जर्मन असतात. रंग नीट पाहा: पिवळे घर म्हणजे जळणारे, लाकडी, तांबडे म्हणजे न जळणारे, दगडविटांचे, गडद तांबडी इमारत सार्वजनिक किंवा महत्त्वाची. चौकाभोवती कोणता रंग आहे आणि वेशीबाहेर कोणता, एवढे ताडून पाहिले तरी आगीनंतरची गोष्ट कागदावर उमटते.

लांबी पडद्यावर मोजू नका, झूम बदलला की प्रमाण मोडते. आज उभ्या असलेल्या इमारतीच्या खऱ्या लांबीशी ताडून घ्या. जुन्या हिशेबात १ साह म्हणजे १.८९६ मीटर आणि १ यित्रो म्हणजे १,६०० चौरस साह, सुमारे ५७ गुंठे.

चौकातली घरे दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे खोल असतात, कारण बाजाराकडे तोंड असलेली जागा मोलाची. पुढची कमानींची ओवरी म्हणजे 'पोदलोउबी'. १५३० च्या आगीनंतर इथले रूप पुन्हा बदलले. झाखारियाश या जमीनदाराने गढी नव्या रेनेसाँ धाटणीची केली आणि चौकही त्याच वळणाला गेला.

घर क्रमांक १७७० च्या सुमारास लष्करी नोंदीसाठी पडले. ते रस्त्याच्या क्रमाने नाहीत: नंतर बांधलेल्या घराला पुढचा मोकळा आकडा मिळाला. लहान आकड्यांमध्ये अचानक मोठा आला, तर ते घर बहुधा मागाहून भरलेले. मात्र काही गावांत क्रमांक पुन्हा बदलले. म्हणून १७९० च्या नोंदीतला क्रमांक थेट आजच्या पाटीशी जुळवू नका.

चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या ब्र्नो शहरातल्या मोरावियन अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. १७८४ च्या हुकमानंतर त्या तक्त्यात लिहिल्या जाऊ लागल्या, त्यात घर क्रमांकाचा रकाना आला. म्हणून सुरुवात १७८४ नंतरच्या वहीपासून करा, मग मागे जा. त्याआधीच्या लॅटिन नोंदी सलग ओळींत असतात आणि पहिल्याच दिवशी तिथे गेलात तर डोळे दुखतील.